शिधा कुणाचा, भत्ता कुणाचा, बंदूक कुणाची: सोमालियातील आफ्रिकी शांतिसेना कशी चालते

२००९च्या एप्रिलपासून मोगादिशूतील आफ्रिकी शांतिसेनेच्या छावण्यांत एक विचित्र आजार दिसू लागला. धडधाकट तरुण सैनिकांच्या पायांना सूज येत होती, थोडे चालले तरी धाप लागत होती, छातीत धडधड वाढत होती आणि काहींना तापही येत होता. वर्षभरात अशा २४१ सैनिकांची नोंद झाली, त्यांतील पन्नासहून अधिक जणांना विमानाने केनिया आणि युगांडाच्या रुग्णालयांत हलवावे लागले आणि चौघे दगावले. साथीचा रोग असेल, विषबाधा असेल, अशा शक्यता तपासून झाल्या, पण चाचण्यांत काही सापडेना. शेवटी तज्ज्ञांनी सैनिकांच्या ताटाकडे पाहिले तेव्हा उलगडा झाला. तो बेरीबेरी होता, म्हणजे पॉलिश केलेल्या तांदळाचे उदाहरण देऊन शाळेच्या पुस्तकात शिकवतात तो ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार. ज्यांना बाजारातले ताजे काही मिळत नव्हते, केवळ पुरवलेल्या शिध्यावर राहावे लागत होते आणि ज्यांच्या चौकीवर रोज गोळीबार होत होता, प्रामुख्याने तेच आजारी पडले होते. थायमिन, म्हणजेच हे ब-१ जीवनसत्त्व, देऊ लागल्यावर सूज झपाट्याने उतरली आणि सर्वच सैनिकांना ते सुरू केल्यानंतर आणखी कुणी दगावल्याची नोंद झाली नाही.

हा प्रसंग मी मुद्दाम सुरुवातीला घेतला आहे, कारण परदेशी लष्करी मदत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे रणगाडे, ड्रोन आणि करारांवर सह्या करणारे मंत्री येतात. अनेक देशांनी मिळून उभी केलेली मोहीम कशावर चालते हे समजून घ्यायचे असेल, तर सैनिकाच्या ताटात काय पडते, ते कुठून येते, त्याचा भत्ता कोण देतो आणि तो जखमी झाला तर त्याला उचलायला कोण येते, हे पाहावे लागते. सोमालियात या प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या राजधान्यांत सापडतात. सैनिक युगांडाचा किंवा बुरुंडीचा, झेंडा आफ्रिकन युनियन या आफ्रिकी देशांच्या संघटनेचा, भत्ता युरोपियन युनियनचा, शिधा आणि इंधन संयुक्त राष्ट्रांचे, तर प्रशिक्षण आणि चिलखती गाडी बरेचदा अमेरिकेची. ही मोहीम नावे बदलत २००७पासून चालू राहिली ती या विभागणीमुळेच, आणि ती सतत कुठेतरी उसवत राहिली तीही या विभागणीमुळेच, असे माझे मत आहे.

आफ्रिकन युनियनवर ही वेळ का आली

जानेवारी १९९१मध्ये सियाद बारे यांची राजवट कोसळली आणि सोमालियात केंद्र सरकार असे काही उरले नाही. दुष्काळ आणि टोळीयुद्ध यांच्या कात्रीत सापडलेल्या लोकांपर्यंत अन्न पोहोचवण्यासाठी १९९२पासून संयुक्त राष्ट्रांनी आणि अमेरिकेने तिथे सैन्य उतरवले. भारताची ६६वी स्वतंत्र पायदळ ब्रिगेड १९९३-९४मध्ये बैदोआ परिसरात याच कामावर होती. जून १९९३मध्ये एकाच दिवशी पाकिस्तानचे २४ शांतिसैनिक मारले गेले, ऑक्टोबरमध्ये मोगादिशूच्या गल्ल्यांतल्या लढाईत अमेरिकेचे १८ सैनिक पडले आणि मार्च १९९५मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तिथून गाशा गुंडाळला. त्या अनुभवाची धास्ती न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन येथील नंतरच्या प्रत्येक निर्णयावर दिसते.

२००६मध्ये इस्लामी न्यायालयांच्या संघटनेने मोगादिशू ताब्यात घेतले. डिसेंबरात इथिओपियाच्या फौजांनी येऊन ती संघटना मोडली, पण तिच्यातील तरुण, कडव्या गटाने अल-शबाब या नावाने बंडाळी सुरू केली. परक्या इथिओपियन फौजेने माघार घ्यावी आणि दुबळ्या हंगामी सरकारला कुणाचे तरी संरक्षण मिळावे, म्हणून आफ्रिकन युनियनच्या शांतता व सुरक्षा परिषदेने १९ जानेवारी २००७ रोजी ‘अमिसोम’ ही मोहीम मंजूर केली. २० फेब्रुवारीला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १७४४द्वारे तिला सहा महिन्यांची परवानगी दिली. ८,००० सैनिकांची योजना होती आणि काही महिन्यांत संयुक्त राष्ट्रे आपली स्वतःची शांतिसेना पाठवून जबाबदारी उचलतील अशी अपेक्षा होती. ती सेना कधीच आली नाही. इतर आफ्रिकी देशांनी दिलेली आश्वासने कागदावरच राहिली आणि मार्च २००७मध्ये पोहोचलेल्या युगांडाच्या सैनिकांना डिसेंबरात बुरुंडीचे सैनिक येईपर्यंत एकट्यानेच किल्ला लढवावा लागला.

शांतिसेना या शब्दाने इथे फसगत होऊ शकते. शांतिसेनेची नेहमीची कल्पना अशी असते की दोन बाजूंमध्ये तह झालेला असतो, दोघांनाही तिसरा पक्ष मान्य असतो आणि निळे शिरस्त्राण घातलेला सैनिक मध्ये उभा राहून तो तह पाळला जातो की नाही हे पाहतो. मोगादिशूत तह नव्हताच. युगांडाची पहिली तुकडी विमानतळावर उतरली त्याच दिवशी तिच्यावर उखळी तोफांचा मारा झाला. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना अशा लढाईसाठी बांधलेली नसते आणि १९९३नंतर तिला अशा जागी पाठवायला मोठी राष्ट्रे तयार नव्हती. शेजारच्या आफ्रिकी देशांना मात्र धोका दारातच होता आणि त्यांच्याकडे माणसे होती. पैसा, विमाने, रुग्णालये, नकाशे, दुरुस्तीची यंत्रणा यांपैकी पुरेसे काही नव्हते. त्यातून न लिहिलेला सौदा ठरला: माणसे आफ्रिकेची, खर्च बाहेरचा. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे हा वाक्प्रचार मला इथे टाळता येत नाही, कारण खर्च उचलणाऱ्यांचा स्वार्थही खरा होता. एडनच्या आखातातून जाणाऱ्या मालवाहू जहाजांवर चाचे तुटून पडत होते आणि २००८पासून भारताच्या युद्धनौकाही तिथे गस्त घालत आहेत. मार्च २०२४मध्ये आयएनएस कोलकाताने पकडलेले ३५ सोमाली चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले गेले, हे अनेकांना आठवत असेल. किनाऱ्यावर राज्य नसले की त्याचे परिणाम समुद्रापलीकडेही जाणवतात.

वर्गणी आणि देणगी

पैशांचा भाग समजायला एक घरगुती उदाहरण पुरते. गृहनिर्माण सोसायटीत देखभालीचे पैसे प्रत्येक सदनिकाधारकाला ठरलेल्या हिशेबाने भरावेच लागतात. उत्सवाची देणगी मात्र ज्याच्या त्याच्या इच्छेवर असते. संयुक्त राष्ट्रांच्या स्वतःच्या शांतिसेनांचा खर्च पहिल्या पद्धतीने भागतो: प्रत्येक सदस्य देशाचा वाटा त्याच्या आर्थिक कुवतीनुसार ठरलेला असतो आणि तो भरणे बंधनकारक असते. आफ्रिकन युनियनच्या मोहिमेला सुरक्षा परिषदेची परवानगी असली, तरी ती संयुक्त राष्ट्रांची मोहीम नसल्यामुळे त्या वर्गणीवर तिचा आपोआप हक्क लागत नाही. तिला देणगीवर भागवावे लागते, आणि देणगी देणाऱ्याचे मन, त्याचे अंदाजपत्रक, त्याच्या देशातील निवडणुका यांप्रमाणे ती कमीजास्त होते. लहानमोठ्या देणग्या बऱ्याच आल्या. मे २०११मध्ये अदिस अबाबा येथील भारत-आफ्रिका शिखर परिषदेत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनीही या मोहिमेसाठी २० लाख डॉलर जाहीर केले होते.

सर्वांत मोठा भार युरोपियन युनियनने उचलला. २००४मध्ये स्थापन झालेल्या आफ्रिकी शांतता निधीतून सैनिकांचा मासिक भत्ता दिला जाऊ लागला आणि २०११च्या सुमारास हा दर दरमहा दर सैनिकामागे १,०२८ डॉलर झाला, जो त्या वेळी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकामागे मिळणाऱ्या रकमेइतकाच होता. हा निधी मुळात विकासकामांच्या पैशांतून आलेला असल्यामुळे त्यातून शस्त्रे किंवा दारूगोळा घेता येत नसे. भत्ता, प्रवास, वैद्यकीय खर्च अशा बाबींपुरताच तो वापरता येई. म्हणजे सैनिकाला लढायचे पैसे मिळत, पण तो ज्याने लढणार ती गोळी दुसऱ्या कुणाकडून यावी लागे. २०२१मध्ये या निधीची जागा घेणाऱ्या युरोपीय शांतता निधीत ही अट सैल झाली.

पैसा ब्रुसेल्सहून अदिस अबाबा येथील आफ्रिकन युनियनच्या मुख्यालयात येई, तिथून कंपाला, बुजुंबुरा, नैरोबी अशा, सैनिक पाठवणाऱ्या देशांच्या राजधान्यांत जाई आणि मग सैनिकाच्या हाती पडे. प्रत्येक टप्प्यावर हिशेब, लेखापरीक्षण आणि मंजुरी. एखाद्या तिमाहीचा हिशेब अडला की महिनोनमहिने भत्ता थकायचा. शिवाय सैनिकाचे सरकार प्रशासकीय खर्चापोटी त्यातून कपात करीत असे, म्हणून १,०२८ डॉलर हा आकडा सैनिकाच्या घरी पोहोचणारा आकडा नव्हे. सैनिक कामी आला तर कुटुंबाला ५०,००० डॉलर भरपाईची तरतूद होती, पण तिलाही हाच लांबचा रस्ता होता.

जानेवारी २०१६पासून युरोपियन युनियनने आपला वाटा २० टक्क्यांनी कमी केला. इतर देणगीदारांनी आणि खुद्द आफ्रिकी देशांनी उरलेला भाग भरावा, अशी भूमिका होती. ती भूमिका चुकीची म्हणता येणार नाही, कारण एकाच देणगीदाराने अनंत काळ भार वाहावा हे टिकणारे नव्हते. पण भरून काढणारा कुणी पुढे आला नाही आणि कपात शेवटी चौकीतल्या सैनिकावर पडली. याच सुमारास बुरुंडीचा पेच उभा राहिला. २०१५मध्ये अध्यक्ष पिएर एन्कुरुनझिझा तिसऱ्यांदा निवडणुकीला उभे राहिल्यावर देशात दडपशाही सुरू झाली आणि मार्च २०१६मध्ये युरोपियन युनियनने बुरुंडी सरकारला थेट मदत थांबवली. आता ज्या सरकारला पैसे द्यायचे नाहीत त्याच सरकारचे हजारो सैनिक सोमालियात लढत होते आणि त्यांचा भत्ता त्याच सरकारच्या खात्यातून जात होता. सैनिकांचे अनेक महिन्यांचे पैसे अडकले, बुरुंडीने फौज काढून घेण्याची धमकी दिली, आणि २०१७मध्ये रक्कम सरकारऐवजी व्यापारी बँकेमार्फत सैनिकांपर्यंत नेण्याची वाट काढण्यात आली. देणगीतून चालणाऱ्या फौजेचे दुखणे या एका प्रकरणात मला सर्वांत स्पष्ट दिसते. मानवी हक्कांचा आग्रह धरणे योग्यच होते, पण त्याची किंमत मोजत होता तो बुजुंबुरातला सत्ताधारी नसून मोगादिशूजवळच्या खंदकातला शिपाई होता.

सैन्य पोटावर चालते

बेरीबेरीच्या साथीच्या थोडे आधी, जानेवारी २००९मध्ये, सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १८६३द्वारे एक महत्त्वाचा आणि त्या काळी नवीन मार्ग स्वीकारला होता. मोहीम आफ्रिकन युनियनचीच राहील, पण तिची रसद पुरवायला संयुक्त राष्ट्रांचे स्वतंत्र कार्यालय असेल आणि त्या कार्यालयाचा खर्च बंधनकारक वर्गणीतून होईल. ‘उनसोआ’ या नावाने सुरू झालेले हे कार्यालय २०१५मध्ये ‘उनसोस’ झाले. शिधा, पाणी, इंधन, तंबू, बांधकाम, दळणवळण, रुग्णालये आणि जखमींना हलवण्याची विमाने ही सगळी जबाबदारी त्याच्याकडे आली. देणगीच्या लहरीपणातून निदान सैनिकाचे पोट तरी सुटले, हा या ठरावाचा मोठा लाभ. बेरीबेरीचे मूळ त्याआधीच्या विस्कळीत पुरवठ्याच्या काळात होते आणि नवी व्यवस्था कागदावरून जमिनीवर यायला वेळ लागला.

जमिनीवर म्हणजे नेमके काय, हे पाहण्यासारखे आहे. माल मोंबासा बंदरातील तळावर येतो, तिथून समुद्रमार्गे मोगादिशूला. मोगादिशूचा विमानतळ आणि त्याला लागून असलेली हलाने ही कुंपणबंद छावणी हे मोहिमेचे हृदय. परदेशी वकिलाती, संयुक्त राष्ट्रांची कार्यालये आणि आफ्रिकी सेनापतींची मुख्यालये याच कुंपणाच्या आत आहेत. पण मोहिमेचा विस्तार होत गेला तसे तिचे सैनिक देशाच्या दक्षिण व मध्य भागांतल्या डझनावारी लहान चौक्यांत पसरले. एका चौकीत शंभर-दोनशे जण, मातीचे बांध, वाळूची पोती, काटेरी तार आणि पाण्याचे टँकर. त्यांना जोडणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर अल-शबाबने सुरुंग पेरलेले असतात, म्हणून एरवी काही तासांत पोहोचणारा शिध्याचा ताफा सुरुंग शोधत, दबा धरून होणारे हल्ले परतवत दिवसचे दिवस चालतो, आणि काही चौक्यांना केवळ हेलिकॉप्टरनेच माल पोहोचवता येतो. पावसाळ्यात रस्ते चिखलात बुडाले की तेच. संयुक्त राष्ट्रांची पुरवठा यंत्रणा शांत प्रदेशातल्या मोहिमांसाठी आखलेल्या नियमांनी बांधलेली आणि सैनिक मात्र युद्धात; निविदा, परवानग्या आणि नागरी कंत्राटदार यांच्या वेगाने लढाईचा वेग पकडता येत नाही, ही तक्रार सेनापतींनी वारंवार केली आहे.

हेलिकॉप्टरांची कथा तर या विभागणीतला सर्वांत दुखरा भाग आहे. फेब्रुवारी २०१२च्या ठराव क्रमांक २०३६ने सैनिकसंख्येची मर्यादा १७,७३१ केली आणि मोहिमेसाठी १२ हेलिकॉप्टरांचा खर्च संयुक्त राष्ट्रांकडून भरून मिळेल असे ठरवले. पैसे मिळणार होते, पण हेलिकॉप्टर सदस्य देशानेच आणायची होती. ऑगस्ट २०१२मध्ये युगांडाने आपली लढाऊ हेलिकॉप्टर सोमालियाकडे पाठवली आणि त्यांतील तीन माउंट केनियाच्या उतारावर कोसळली. त्यानंतर कित्येक वर्षे एवढ्या मोठ्या फौजेला स्वतःच्या ताब्यातील लढाऊ हेलिकॉप्टरांशिवाय लढावे लागले. अमेरिका, केनिया, इथिओपिया यांची विमाने सोमालियाच्या आकाशात होती, पण ती आपापल्या देशाच्या हुकमाने उडत होती.

प्रशिक्षण, शस्त्रे आणि त्यांच्या अटी

अमेरिकेने या मोहिमेत स्वतःच्या पायदळाऐवजी प्रशिक्षक आणि सामग्री पाठवणे पसंत केले. तिच्या परराष्ट्र खात्याचा ‘अकोटा’ हा आफ्रिकी शांतिसैनिक तयार करणारा कार्यक्रम २००४पासून चालू होता आणि त्याखाली युगांडातील सिंगो येथे आणि बुरुंडीतील मुदुबुगु येथे सोमालियाला निघणाऱ्या तुकड्यांना तयार केले जाई. शिकवणारे बरेचदा कंत्राटी, निवृत्त सैनिक असत. सुरुंगरोधक कॅस्पिर गाड्या, संपर्काची यंत्रे, रात्री पाहण्याच्या दुर्बिणी, २०११नंतर हातातून सोडता येणारे लहान टेहळणी ड्रोन, अशी सामग्री थेट युगांडा आणि बुरुंडीला मिळाली. ब्रिटनने केनियातून प्रशिक्षण दिले.

सोमालियावर १९९२पासून संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी होती, त्यामुळे या मदतीसाठी कायदेशीर पळवाट नव्हे तर उघड सूट लागत होती आणि ती २००७च्या ठरावातच दिलेली होती. सोमाली सरकारवरील बंदी पूर्णपणे उठली ती थेट डिसेंबर २०२३मध्ये. दुसरी अट मानवी हक्कांची. अमेरिकेच्या लेही कायद्यानुसार ज्या लष्करी तुकडीवर गंभीर अत्याचारांची विश्वासार्ह माहिती असेल तिला मदत देता येत नाही आणि संयुक्त राष्ट्रांनीही स्वतःचे नसलेले सैन्य पोसताना अशीच पडताळणी करण्याचे धोरण आखले आहे. ही अट केवळ कागदी नसावी असे सोमाली नागरिकांच्या बाजूने पाहिल्यावर तीव्रतेने वाटते. ऑगस्ट २०२१मध्ये गोलवेन येथे युगांडाच्या सैनिकांनी सात नागरिकांना ठार मारले. मोहिमेतील सैनिकावर खटला चालवण्याचा अधिकार सोमालियाला नसतो, त्याच्या मायदेशाला असतो. युगांडाच्या लष्करी न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये दोघांना फाशी आणि तिघांना ३९ वर्षांची शिक्षा सुनावली. ज्यांच्या नावाने ही मोहीम आहे त्या गावकऱ्यांना न्याय मागायचा असेल तर तो परदेशी न्यायालयाकडेच मागावा लागतो, ही गोष्ट मदतीच्या कोणत्याही हिशेबात दिसत नाही.

सामग्रीची एक अडचण बाहेरून सहज लक्षात येत नाही. पाच देशांच्या फौजा, त्यांना मदत करणारे पाच-सात देश, आणि प्रत्येकाने दिलेल्या गाड्या वेगळ्या. एकीचा सुटा भाग दुसरीला बसत नाही, एका तुकडीचा बिनतारी संच शेजारच्या तुकडीशी बोलत नाही. देणारा देश गाडी देतो तेव्हा उद्घाटन होते, छायाचित्रे निघतात. तिसऱ्या वर्षी तिचा गिअरबॉक्स गेल्यावर तो कुणी बदलायचा हे बरेचदा कुठल्याच करारात लिहिलेले नसते.

हुकूम कुणाचा

मोहिमेला एक सेनापती असतो आणि त्याचे मुख्यालय मोगादिशूत असते. प्रत्यक्षात दक्षिण सोमालियाचे विभाग पाडून प्रत्येक विभाग एकेका देशाकडे दिला गेला: मोगादिशू आणि लोअर शबेले युगांडाकडे, किस्मायोची बाजू केनियाकडे, बैदोआ इथिओपियाकडे, बेलेदवेन जिबूतीकडे, जोहर बुरुंडीकडे. केनियाने ऑक्टोबर २०११मध्ये स्वतंत्रपणे सीमा ओलांडली होती आणि नंतर २०१२मध्ये ती फौज मोहिमेत सामील झाली. इथिओपिया जानेवारी २०१४मध्ये. या दोघांना सोमालियात आपल्या सीमेचे, आपल्या राजकारणाचे हिशेब होते. साहजिकच विभागप्रमुख मोठा निर्णय घेण्यापूर्वी मोगादिशूकडे पाहण्याआधी नैरोबी किंवा अदिस अबाबाकडे पाहत असे.

ऑगस्ट २०११मध्ये अल-शबाबने मोगादिशूतून माघार घेतली आणि पुढच्या वर्षी किस्मायो बंदर तिच्या हातून गेले, हे या मोहिमेचे मोठे यश आहे आणि ते रस्त्यारस्त्यावर रक्त सांडून मिळवलेले आहे. पण पसरलेल्या चौक्या हे तिचे मर्मस्थान ठरले. जून २०१५मध्ये लेगो येथे बुरुंडीची चौकी, सप्टेंबरमध्ये जनाले येथे युगांडाची आणि १५ जानेवारी २०१६ रोजी एल अद्दे येथे केनियाची चौकी एकाच पद्धतीने उद्ध्वस्त झाली: पहाटे स्फोटकांनी भरलेली गाडी फाटकावर, पाठोपाठ शेकडो हल्लेखोर. एल अद्देला सुमारे एका कंपनीएवढे सैनिक होते. वेळेत पोहोचेल अशी जवळची कुमक नव्हती, शेजारचा विभाग दुसऱ्या देशाचा होता आणि मोहिमेच्या सेनापतीच्या हाती तातडीने पाठवण्यासारखी हेलिकॉप्टर नव्हती. किती जण मारले गेले हे केनियाने कधीच अधिकृतपणे जाहीर केले नाही. मे २०२३मध्ये बुलो मरेर येथे तोच प्रकार युगांडाच्या तळावर घडला. तेव्हा अध्यक्ष योवेरी मुसेवेनी यांनी ५४ सैनिक गमावल्याचे स्वतः सांगितले. या देशांनी घरीही किंमत मोजली आहे: जुलै २०१०मध्ये फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना पाहणाऱ्या कंपालातील लोकांवर झालेल्या स्फोटांत सत्तरहून अधिक जण गेले, सप्टेंबर २०१३मध्ये नैरोबीच्या वेस्टगेट संकुलावर आणि एप्रिल २०१५मध्ये गारिसाच्या विद्यापीठावर हल्ला झाला.

सोमाली सैन्याची समांतर उभारणी

मोहिमेचा शेवट एकाच मार्गाने होऊ शकतो: सोमालियाचे स्वतःचे सैन्य तिची जागा घेईल तेव्हा. म्हणून परदेशी मदतीचा दुसरा प्रवाह थेट त्या सैन्याकडे वाहतो. युरोपियन युनियनने २०१०पासून आधी युगांडात आणि मग मोगादिशूत प्रशिक्षण दिले. अमेरिकेने बालेदोगले येथे ‘दनाब’ ही कमांडो ब्रिगेड घडवली. तुर्कस्तानने सप्टेंबर २०१७मध्ये मोगादिशूत मोठा लष्करी तळ उघडला आणि ‘गोरगोर’ तुकड्या तयार केल्या. संयुक्त अरब अमिराती आणि ब्रिटन यांनी आपापल्या पद्धतीने पथके शिकवली. यांतल्या निवडक तुकड्या खरोखर चांगल्या लढतात. पण एका सैन्यात निरनिराळ्या देशांच्या कवायती, हुकूम देण्याच्या निरनिराळ्या पद्धती आणि निरनिराळे पगार आले की ते एक सैन्य व्हायला फार वेळ लागतो, त्यात सोमालियातील कुळांची निष्ठा मिसळली की आणखीच. मुक्त केलेल्या गावात शांतिसैनिक गेल्यावर ते गाव राखणारे सोमाली सैनिक आणि पोलीस मागोमाग आले नाहीत, तर गाव पुन्हा हातचे जाते. हे अनेकदा घडले आहे.

नवे नाव, जुना प्रश्न

१ एप्रिल २०२२ रोजी अमिसोमची जागा ‘अॅटमिस’ने घेतली. टप्प्याटप्प्याने सैनिक कमी करून २०२४अखेर जबाबदारी सोमालियाकडे द्यायची, असे तिचे वेळापत्रक होते. सैनिक घटले, पण धोका घटला नाही. दरम्यान २१ डिसेंबर २०२३ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २७१९ संमत केला, ज्याची आफ्रिकन युनियनने दीर्घकाळ वाट पाहिली होती. त्यानुसार आफ्रिकन युनियनच्या मोहिमेच्या वार्षिक खर्चापैकी ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम संयुक्त राष्ट्रांच्या बंधनकारक वर्गणीतून देता येऊ शकते आणि उरलेली दोन्ही संस्थांनी मिळून उभी करायची असते. मात्र हे आपोआप लागू होत नाही. प्रत्येक मोहिमेसाठी परिषदेचा वेगळा निर्णय लागतो. वर्गणीत सर्वांत मोठा वाटा असलेल्या अमेरिकेने सोमालियासाठी ही पद्धत वापरण्यास विरोध केला. २७ डिसेंबर २०२४ रोजी ‘ऑसोम’ या नव्या मोहिमेला ठराव क्रमांक २७६७द्वारे मंजुरी मिळाली तेव्हा अमेरिका तटस्थ राहिली.

आफ्रिकी देशांनी स्वतःचे पैसे उभे करण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. जुलै २०१६मध्ये किगाली येथे त्यांनी आयातीवर ०.२ टक्के अधिभार लावून आफ्रिकन युनियनचा खर्च भागवायचे ठरवले आणि ४० कोटी डॉलरच्या शांतता कोषाचे उद्दिष्ट ठेवले. हा कोष लहानसहान संकटांना उपयोगी आहे, पण दहा-बारा हजारांची फौज वर्षानुवर्षे पोसण्यासाठी तो बांधलेलाच नाही.

१ जानेवारी २०२५पासून ऑसोमचे काम सुरू झाले. तिला ११,८२६ गणवेशधारी कर्मचाऱ्यांची मंजुरी आहे, त्यांत ६८० पोलीस आहेत. डिसेंबर २००७पासून तिथे असलेला बुरुंडी बाहेर पडला आणि सैनिक देणाऱ्या देशांच्या यादीत इजिप्तचे नाव आले. ऑगस्ट २०२४मध्ये सोमालिया आणि इजिप्त यांनी संरक्षण करार केला होता आणि इथिओपियाने नील नदीवर बांधलेल्या धरणामुळे इजिप्तचे त्या देशाशी वितुष्ट आहे, तरी दोघेही एकाच मोहिमेच्या यादीत आहेत. शिध्याची जबाबदारी उनसोसकडेच राहिली. भत्त्याची रक्कम मात्र मोहीम सुरू झाली त्या दिवशीही कुणी देऊ केलेली नव्हती, आणि आधीच्या मोहिमेची देणीही फिटायची होती. युगांडाचे सैनिक ज्या चौक्यांत होते त्याच चौक्यांत, नवा बिल्ला लावून, पहाऱ्यावर उभे राहिले.